काळी दोन

2009 च्या हिवाळ्यात बडोद्याला कार्यक्रम होता. मी रंगमंचावर सारंगीच्या तरफा जुळवत बसलो होतो आणि निवेदिका माझा परिचय वाचत होती. परिचय मीच लिहून पाठवलेला. घरी संगीताचं वातावरण होतं, पुढे दिल्लीत खाँसाहेबांकडे तालीम झाली, सारंगीला आयुष्य वाहिलं, असा सगळा मजकूर. टाळ्या थांबल्यावर मी मान वर केली, तर तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर मास्तर बसलेले दिसले. पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी.

वयाच्या नवव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत मी या माणसाकडे पेटी शिकलो होतो. परिचयात त्यांचं नाव नव्हतं. पेटी हा शब्दही नव्हता.

वगळलेल्या त्या नऊ वर्षांबद्दल मी लिहायला बसलो आहे. चूक झाली, वाईट वाटलं, असं म्हणून दोन ओळींत विषय संपवता आला असता. पण ती चूक नेमकी कोणत्या जातीची होती हे ठरवायला मला बरीच वर्षं लागली, आणि अजूनही पूर्ण ठरलेलं नाही. मी विसरलो नव्हतो. खोटंही लिहिलं नव्हतं, परिचयातलं प्रत्येक वाक्य तपासून घ्या, खरंच निघेल. माणसाने बदलावं की नाही हाही प्रश्न नव्हता. नऊ वर्षं एक वाद्य वाजवून दुसरं हाती घेणारे पुष्कळ असतात. मग खुर्चीतल्या त्या पिशवीकडे बघताना माझे हात गार का पडले?

मास्तरांचा वर्ग दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात, माडीवर भरायचा. दिवसा ते नोकरी करत, संध्याकाळी सहा ते आठ आम्ही. खोलीत दोन पेट्या. एक मोठी, जुनी, काळपट लाकडाची, तिचे सूर पॅरिसचे आहेत असं ते अभिमानाने सांगत. दुसरी साधी, बाहेर साथीला न्यायची. मोठी पेटी खोलीबाहेर कधीच गेली नाही. शिकवणं फक्त तिच्यावर, आणि तेही फक्त काळी दोनमध्ये. षड्ज काळी दोन, आणि शिकायची पट्टी एकच, हा त्यांचा नियम. मुलींच्या गळ्याला ती पट्टी खाली पडायची, आम्हा मुलांचा आवाज फुटला तेव्हा वर जायला लागली. तरी नाही म्हणजे नाही. दुसऱ्या क्लासमधली मुलं सहा महिन्यांत चार पट्ट्यांत वाजवून दाखवायची आणि आम्ही आपले काळी दोनला चिकटलेले. मास्तर हट्टी आहेत, थोडे आळशीही असतील, असं आमचं मत होतं.

त्यांची आणखी एक रीत होती. पलटा आधी गाऊन दाखवायचा, मगच भात्याला हात लावायचा. आणि वाजवताना पट्ट्यांवर पंचा टाकायचा. पंच्याखाली बोटं सरकवून वाजवा, डोळ्यांचं इथे काही काम नाही. पहिलं वर्षभर मला त्या पंच्याचा एवढा राग यायचा की घरी सरावाला बसलो की मी पट्ट्यांकडे टक लावून बघायचो, सूड उगवल्यासारखा.

पेटीला आपल्याकडे मान आणि अपमान दोन्ही भरपूर मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये जन्मलेलं, पायाने भाता मारायचं हे वाद्य कोलकात्यात 1875 च्या सुमारास द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याचं केलं, आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या देशाला ते ताबडतोब आवडलं. महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांनी त्याला प्रतिष्ठा दिली. पुढे पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशी माणसं त्यावर झाली. दुसरीकडे आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली, ती 1971 साली उठली तीही अर्धवट. रवींद्रनाथ ठाकूर बंदीच्या बाजूचे होते. आक्षेप खोटे नव्हते. पेटीला मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट तिच्याकडे नाही, फक्त दोन दारं आहेत. शिवाय सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले, त्यामुळे तिचा गांधार चढा. सप्तक 1200 सेंटांचं धरलं तर तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार षड्जापासून 386 वर असतो, पेटीचा 400 वर. चौदा सेंट म्हणजे फार नाही. पण तंबोऱ्याजवळ बसून ऐकलं की तो फरक दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा जाणवत राहतो.

हा वाद महाराष्ट्रात किती गंभीरपणे घेतला गेला हे आज फारसं कुणाला आठवत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची पेटी करवून घेतली होती. 1916 साली आमच्याच बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथेही श्रुतींची चर्चा झाली. मास्तर या गोष्टी सांगायचे, पण बंदीबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. त्यांची उमेदीची वर्षं नेमकी त्या बंदीत गेली हा हिशेब मी फार उशिरा केला.

अठराव्या वर्षानंतर मी पेटी सोडली नाही, मास्तरांना सोडलं. कॉलेज, मग 1990 साली दिल्लीतली नोकरी. तिथे मी नवीन स्केल चेंजर पेटी घेतली आणि सुगम संगीताच्या मंडळींची साथ करू लागलो. चांगले पैसे मिळत. गायक म्हणेल ती पट्टी, खटका सरकवला की झालं. पंचा नाही, आधी गाणं नाही. तीन वर्षं हे चाललं.

सारंगी ऐकल्याची हकीकत मी पुढे शेकडो वेळा सांगितली आहे. एका छोट्या बैठकीत म्हाताऱ्या खाँसाहेबांनी मारवा वाजवला, मला रडू आलं, दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात उभा. हे खरं आहे. मी सांगत नसे तो भाग असा की त्याच्या आदल्या आठवड्यात एका जाणकार बाईंनी जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर म्हटलं होतं, पेटीवाला काय, टाइपरायटर चालवतो आणि पेटी वाजवतो, एकच. सगळे हसले. मीही हसलो. खाँसाहेबांच्या दारात मी उभा राहिलो तेव्हा डोळ्यांत मारवा होता आणि कानात ते हसू. कशाचा वाटा किती, हे मला आजही सांगता येत नाही. सत्याच्या ओढीने निघालो की लाजेने पळालो? लाजेने पळालेला माणूस योग्य ठिकाणी पोचला तर त्याच्या पोचण्याला किंमत कमी का? मला वाटतं नाही. पण तो आपली हकीकत सांगताना लाज गाळून फक्त ओढ सांगू लागला, तर तिथे काहीतरी बिघडायला सुरुवात होते.

सारंगी म्हणजे एका अखंड लाकडातून कोरलेलं पोट, त्यावर कातडं, वरून वाजवायच्या तीन तांती आणि खाली पस्तीस-छत्तीस तरफा. बोटाच्या पेराने तार दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीने तिला बाजूने टेकवतात. सहा महिने ती कातडी सोलवटत होती. वाद्यावर खूण नाही, पडदा नाही. सूर कुठे आहे हे तुम्ही ठरवायचं आणि तो चुकला तर कुणाकडे बोट दाखवायला जागा नाही. पेटीवर चुकीची पट्टी दाबली तर चूक उघड असते, स्वच्छ असते. सारंगीवर माणूस बरोबर सुराच्या आसपास चुकत राहतो, दिवसभर, आणि ते त्याचं त्यालाच ऐकावं लागतं.

खाँसाहेब पहिल्या महिन्यातच म्हणाले, “जीना मत चढ़ो, बेटा।” रिषभावरून गांधारावर मी पायरी चढल्यासारखा जात होतो. आणि गांधार लागला की ते भुवई वर करत. चढा. रोज चढा. “ये कहाँ से लाए?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पेटीवरून. ते गप्प झाले.

मला ते गप्प होणं पेटीवरचा निकाल वाटला. त्यांच्या घराण्याचं नुकसान पेटीनेच तर केलं होतं. गवयामागे सारंगी बसायची त्या जागी पेटी आली. ती स्वस्त होती, तास तास जुळवावी लागत नव्हती, आणि सारंगीला कोठ्यांचा जो शिक्का होता तो तिला नव्हता. सभ्य घरातल्या मुलीला पेटी शिकवता येत होती. सारंगियांची मुलं दुसऱ्या धंद्यांत गेली. म्हणजे मी पेटी सोडून सारंगीकडे आलो यात एक प्रकारचं परिमार्जनही आहे, असं मी स्वतःला सांगू लागलो. सोयीची कल्पना होती. प्रत्यक्षात खाँसाहेबांच्या घरात कोपऱ्यात एक पेटी होती, तिच्यावर त्यांच्या नाती गाणं शिकत. ते बाहेरगावी गेले की त्या मुलींचा रियाज माझ्याकडून करून घेत. “तुम्हें साथ करना आता है,” ते म्हणायचे, “ये मैंने नहीं सिखाया।”

हे वाक्य मी बरीच वर्षं ऐकूनही ऐकलं नव्हतं. गाणाऱ्याच्या अर्ध्या श्वासामागे राहायचं, त्याची जागा त्याला घेऊ द्यायची, तो थांबला की पोकळी भरायची पण भरली असं वाटू द्यायचं नाही, हे सगळं माझ्याकडे दांडिया बाजारातून आलं होतं. सारंगीचं मूळ कामही तेच. मला सारंगी आली त्यातली निम्मी मी पेटीवर शिकलो होतो. मुलाखतींत मात्र मी म्हणायचो, पेटीने माझा कान बिघडवला, तो दुरुस्त करायला खाँसाहेबांना दहा वर्षं लागली. ऐकणाऱ्यांना ते आवडायचं. धर्मांतराची गोष्ट सगळ्यांना आवडते, आधीचा अंधार जितका दाट तितकी ती रंगते. हळूहळू मुलाखतीत तेवढाही उल्लेख राहिला नाही, आणि परिचयातून तर तो केव्हाच गेला.

बुद्धाने तराफ्याचा दृष्टान्त दिला आहे. माणूस लाकडं-गवत बांधून तराफा करतो, नदी ओलांडतो. पलीकडे पोचल्यावर, याने आपल्याला वाचवलं म्हणून तो डोक्यावर घेऊन हिंडावं का? नाही, तो काठावर ठेवून पुढे जावं. मी या दृष्टान्ताचा आधार घेत असे. वाद्य म्हणजे साधन, साधनाचं ओझं कशाला? पण दृष्टान्तातला माणूस तराफा ठेवून जातो. मी पोहत आलो असं तो कुणाला सांगत नाही. शिवाय माझ्या तराफ्यात लाकडं-गवत नव्हतं. तिथे एक माणूस होता. संध्याकाळी सहा ते आठ. फी पंधरा रुपये, तीही दोन-दोन महिने थकायची.

आपल्याकडे ऋणाची कल्पना जुनी आहे आणि ऋषिऋण हे शिकून, शिकवून फिटतं असं मानतात. त्या हिशेबाने मी मास्तरांचा देणेकरी उरलो नव्हतो, मी विद्यार्थी घडवत होतो, विद्या पुढे जात होती. पण फेडणं आणि मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावकाराला पैसे परत मिळाले की बहुधा पुरतं, त्याचं नाव कुणी घेतलं नाही तरी चालतं. शिकवणाऱ्याचं तसं नसतं. त्याने दिलेलं परत करता येतच नाही, म्हणून ते त्याच्याकडून आलं एवढं सांगणंच काय ते उरतं. तेवढंच मी केलं नव्हतं. कृतघ्न या शब्दाचा अर्थ उपकार विसरणारा असा आपण करतो, पण त्यातल्या ‘घ्न’चा अर्थ मारणारा असा आहे. विसरण्यापेक्षा तो जास्त कामाचा शब्द आहे. केलेलं मारून टाकायचं, आणि त्यासाठी आठवण पक्की असावी लागते.

कार्यक्रमानंतर मास्तर आत आले. मी वाकून नमस्कार केला. परिचयाबद्दल काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि विचारलं, “पट्टी कोणती होती रे?”

“काळी दोन,” मी म्हटलं.

इथे एक गंमत सांगायला हवी. मराठी मुलखात कुणीही, सारंगिया असो, सतारिया असो, पेटीचा कट्टर विरोधक गवई असो, आपला षड्ज सांगताना काळी एक, पांढरी पाच असंच सांगतो. पट्टी हा शब्दच पेटीचा. तंबोरा लावतानाही आपण पेटीच्याच भाषेत बोलतो. मी परिचयातून पेटी काढली होती आणि पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरात ती तोंडातून बाहेर पडली.

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, “गांधार आपला लागला आज.” पिशवीतून दोन पेरू काढून माझ्या हातात दिले आणि रिक्षा मिळणार नाही म्हणून निघून गेले.

‘आपला’ म्हणजे हिंदुस्तानी, शुद्ध, पेटीचा नव्हे तो, असा अर्थ मी घेतला. मोठ्या मनाचा माणूस, आपल्याच वाद्यावर मात केल्याची पावती देऊन गेला, असं मी बायकोला फोनवर सांगितलंही.

ते वारल्यावर वर्षभराने त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. वाडा विकायला काढला होता. मोठी पेटी कुणाला द्यायची, तुमचं नाव त्यांनी सांगून ठेवलं होतं, म्हणाल्या. पेटी दिल्लीला आली ती भात्यातून हवा सोडत. मी एका जुन्या कारागिराला घरी बोलावलं. त्याने पट्ट्यांचा सांचा उचलला, सुरांची फळी बाहेर काढली, उजेडात धरली आणि एकेक पितळी पट्टी बघू लागला. मग मला विचारलं, हिच्यावर कुणी हात चालवला आहे?

सूर उतरवायचा असेल तर पितळी पट्टी तिच्या मुळाशी खरवडतात, चढवायचा असेल तर टोकाशी. पांढरी पाचच्या सगळ्या सुरांच्या मुळाशी बारीक खरवडल्याच्या रेघा होत्या. तिन्ही सप्तकांत. आणखीही काही सुरांवर होत्या, पण त्या सर्वांत खोल. काळी दोन षड्ज धरला की पांढरी पाच म्हणजे गांधार. मास्तरांनी तो स्वतःच्या हाताने उतरवून ठेवला होता. कारागिराला त्याचं नवल वाटलं नाही, जुने लोक करायचे, त्याला गांधार ट्यूनिंग म्हणतात, तो म्हणाला. फक्त एक अडचण असते. अशी पेटी एकाच पट्टीत बोलते. दुसऱ्या पट्टीत घेतली की कुत्र्यासारखी केकाटते.

मी तंबोरा लावला आणि फुटक्या भात्यावर तो गांधार दाबून पाहिला. तो चढा नव्हता.

म्हणजे नऊ वर्षं मी ज्या पेटीवर शिकलो तिने माझा कान बिघडवलाच नव्हता. तो मी दिल्लीत येऊन, स्केल चेंजरच्या खटक्यावर, तीन वर्षांत स्वतः बिघडवला. खाँसाहेबांनी विचारलं होतं, कुठून आणलास, आणि मी बेधडक चुकीचा पत्ता दिला होता. काळी दोनचा हट्ट, पंचा, आधी गाणं, बाहेर न जाणारी पेटी, सगळं समोर होतं. नऊ वर्षांत एकदाही मी का असं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही, ही मात्र माझी त्यांच्याबद्दल तक्रार आहे. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना सेंटांचा हिशेब कळला नसता, मान्य. अठराव्या वर्षी कळला असता. सांगितलं असतं तर मी दिल्लीत ती पेटी घेण्याआधी दोनदा विचार केला असता. की केला नसता? पैसे चांगले मिळत होते.

माझ्या मनात एक पळवाट लगेच तयार झाली, ती लिहून ठेवतो. आता पेटीला दोष देता येत नाही, तेव्हा मास्तरांचं नाव घ्यायला हरकत नाही, अशी. म्हणजे त्यांची पेटी चांगली निघाली म्हणून ते उल्लेखाला पात्र ठरले. आणि त्या रेघा नसत्या तर? त्यांचा गांधार खरोखरच चढा असता, त्यांनी मला खरोखरच चुकीचा सूर दिला असता, तर परिचय बरोबर ठरला असता का? मला हा प्रश्न त्या रेघांपेक्षा अवघड वाटतो. बहुतेकांच्या पहिल्या शिक्षकांच्या पेटीत रेघा नसतात. त्यांनी शिकवलेलं निम्मं पुढे मोडून काढावं लागतं. तरीही मोडायला काहीतरी त्यांनी दिलेलं असतं, आणि मोडणारे हातही बहुधा त्यांनीच बसवलेले असतात. हे म्हणताना मी माझ्या विद्यार्थ्यांचा विचार करतो आहे हे कबूल करतो. त्यांतला एक परवा मला सोडून सतारीकडे गेला. त्याच्या परिचयात काय असेल कोण जाणे.

भाता नवीन बसवला. कारागिराने विचारलं, मशीन लावून सगळे सूर सारखे करून देऊ का, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजेल. मी नको म्हटलं. दोन खरजाचे सूर मेले होते, तेवढे पालिताण्याचे बसवून घेतले. ते जरा वेगळे बोलतात.

माझा परिचय मी आता बदलला आहे. पहिली ओळ अशी: वयाच्या नवव्या वर्षापासून नऊ वर्षं बडोद्यात पेटीचं शिक्षण, आणि पुढे मास्तरांचं पूर्ण नाव. गेल्या महिन्यात भोपाळच्या कार्यक्रमाआधी संयोजकांच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. परिचय लांबतोय, म्हणाली, सुरुवातीची हार्मोनियमची ओळ काढली तर चालेल का, तसाही तिचा सारंगीशी संबंध नाही.

मी तिला खाँसाहेबांबद्दलची दोन वाक्यं कमी करायला सांगितली. मग फोन ठेवल्यावर वाटलं, हेही बरोबर झालं नाही. परत फोन केला आणि ‘सारंगीला आयुष्य वाहिलं’ हे वाक्य काढायला लावलं.